प्रत्यक्ष पाहिले

सोमवार, ७ मार्च

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. ऑफिसच्या कपाटात कोरी पडून होती, म्हणून उचलली. छापलेले वार चुकीचे आहेत, ते खोडून वर लिहावे लागतात. असो. आज दोन गोष्टी झाल्या आणि सांगायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. साहेबांनी बोलावलं. आमचं नगर माहिती कार्यालय दर वसंतात एक पुस्तिका काढतं, 'वसंतातल्या सहकुटुंब सहली'. बारा वर्षं ती मीच करतो. कशी करतो, तर मागच्या वर्षीची समोर ठेवायची, चार फोन करायचे आणि वेळा बदलायच्या. उंटावरून शेळ्या हाकायच्या. गेल्या वर्षी त्या पुस्तिकेवर विश्वास ठेवून काही लोक मुलाबाळांसह गुलाबांची बाग बघायला गेले. ती बाग बंद होऊन चार वर्षं झालीत. तिथे आता गाड्या धुतात.

तर यंदा नवा नियम. चाळीस ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी स्वतः जायचं, फॉर्म भरायचा आणि त्यावर शिक्का मारायचा: 'प्रत्यक्ष पाहिले'. साहेबांनी शिक्का बनवूनही आणलाय. शिक्का नसेल तर फॉर्म टायपिंगला जाणार नाही. मुदत ५ एप्रिल. मदतीला कोणी नाही. साहेब म्हणाले, "सहकुटुंब सहली आहेत, तेव्हा कुटुंबाच्या नजरेनं बघा. घरच्यांना घेऊन जा ना." मला कुटुंब फक्त रविवारी दहा ते सहा असतं, हे साहेबांना माहीत नाही. मीही सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट. बारकीच्या आईचा फोन. बारकी आमची मुलगी, दहा वर्षांची. आम्ही वेगळे झाल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, ती आईकडे असते आणि रविवारी माझ्याकडे येते. आई म्हणाली, "महिना झाला, रविवार उजाडला की हिचं पोट दुखतं. सोमवारी शाळेच्या वेळी मात्र काही नसतं. मी तिला ओढत आणणार नाही. एप्रिल संपेपर्यंत बघू. तरी असंच राहिलं तर रविवार बंद करू. तिला वाटेल तेव्हा येईल ती."

मी बरं म्हणालो. मी सगळ्यालाच बरं म्हणतो. आमचा घटस्फोटसुद्धा त्यामुळे विनातक्रार पार पडला.

मंगळवार, ८ मार्च

रात्रभर विचार करून एक ठरवलं. रविवारी मी बारकीला नेतोच कुठे ना कुठे. सलूनच्या वरची एक खोली, एक खाट, एक खुर्ची. तिथे पोरीला दिवसभर बसवून काय दाखवणार? पण आजवर ऐनवेळी जे सुचेल तिथे नेत होतो. आता नीट योजना करायची. रटाळ ठिकाणं मी आठवड्यात उरकणार, चांगली चांगली तिच्यासाठी राखून ठेवणार. एका दगडात दोन पक्षी. एप्रिल संपेपर्यंत तिला असे रविवार दाखवायचे की पोट दुखायचं नाव घेणार नाही.

रविवार, १३ मार्च

फुलांचं प्रदर्शन, मग बदकांचं तळं, मग तळ्यातल्या पायडलच्या होड्या.

रांगा: चाळीस मिनिटं, नाही, पस्तीस. बाकं: प्रदर्शनात चार, चारही भरलेली. स्वच्छतागृह: एक, चिखल. बारकीने होडीत विचारलं, "बाबा, अजून किती ठिकाणं आहेत?" मला वाटलं उत्साह आहे. म्हटलं, चाळीस. ती पायडल मारत राहिली. तिचे पाय नीट पोचत नव्हते, बहुतेक जोर मीच लावला. कंबर धरली आहे.

सहाला सोडताना विचारलं, मजा आली? म्हणाली, "आली." शाळेत हजेरी देतात तशी.

बुधवार, १६ मार्च

आणखी चार ठिकाणं झाली. वेधशाळा (जिना, दोनशे अकरा पायऱ्या, बाबागाडी अशक्य), दगडांचं संग्रहालय, दोन बागा. दगडांच्या संग्रहालयात पाऊण तास मी एकटाच होतो. राखणदार इतका खूश झाला की माझ्या मागे मागे येऊन प्रत्येक दगडाची कुंडली सांगू लागला.

संध्याकाळी टायपिस्टबाईंनी माझे सगळे फॉर्म परत पाठवले. म्हणाल्या, "हे अक्षर आहे की मुंग्या शाई पिऊन चालल्यात? मला दिसेल तेच मी टाइप करते, अंदाज करत नाही. मग तुम्ही म्हणाल बाईंनी चूक केली." त्यांचं बरोबर आहे. त्या अठ्ठावीस वर्षं टाइप करतायत आणि त्यातलं एक अक्षरही वाचत नाहीत, असं त्या स्वतःच अभिमानाने सांगतात.

रविवार, २० मार्च

बागेतली छोटी आगगाडी, बाहुल्यांचा खेळ, 'झाडं ओळखा' फेरी.

फेरीत बारकी मागे पडली. वाट दाखवणारे गृहस्थ तावातावाने सालींबद्दल बोलत होते, मी लिहून घेत होतो, आणि मागे बघतो तर ही नाही. आल्या वाटेने धावत मागे गेलो. सापडली ती एका बाकावर, बूट काढून बसलेली. मी ओरडलो. ओरडायला नको होतं. ती म्हणाली, "मी इथेच होते. तुलाच कळलं नाही."

मग कँटीनमध्ये बसलो. मी बाईंच्या अक्षराच्या तक्रारीबद्दल सांगितलं तेव्हा ती दिवसभरात पहिल्यांदा हसली. म्हणाली, "दे, मी लिहिते." आणि खरंच, माझे सगळे फॉर्म तिने सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून दिले. शिक्का तर तिला फारच आवडला. एक फॉर्म लिहायचा, फुंकर मारायची, शिक्का. मला विचारलं, "प्रत्यक्ष पाहिले म्हणजे कुणी?" म्हटलं, फॉर्म लिहिणाऱ्याने. ती म्हणाली, "म्हणजे आपण दोघांनी."

शिक्का आणि कोरे फॉर्म माझ्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात असतात. तिला सांगून ठेवलं, तिथून घेत जा.

गुरुवार, २४ मार्च

बाई अक्षरावर बेहद्द खूश. "आता कसं माणसात आलात," म्हणाल्या. अठरा झाले. बावीस राहिले. पायांचे तुकडे पडलेत. ऑफिसातून सुटलो की ठिकाण, ठिकाणावरून घरी, घरी आल्यावर जिन्यातच बसावंसं वाटतं. सलूनवाले काका खालून म्हणाले, "लोकांना सहली दाखवता आणि तुमचं तोंड असं?" मी हसलो. हसायलाही कष्ट पडतात हल्ली.

रविवार, २७ मार्च

आजचा दिवस पार वाया गेला.

सकाळी मोजे घालायला वाकलो आणि कंबरेत अशी कळ आली की तसाच खाटेवर आडवा. प्राण्यांच्या पिल्लांचं उद्यान ठरलं होतं, तिला आठवडाभर आधी सांगूनही ठेवलं होतं. आता हा रविवारही हातचा गेला, आणि उरलेत किती? फार वाईट वाटलं. तिला म्हणालो, माफ कर गं, आज कुठेच जाता येणार नाही. ती म्हणाली, "कुठेच नाही?" दोनदा विचारलं. मग तिने बूट काढले, मोजेही काढले.

लिहिण्यासारखं काही झालं नाही. तिने अंडी उकडली. सहा ठेवली, दोन फुटली. सोलताना अर्धा पांढरा भाग सालीबरोबर गेला, मी म्हटलं छान झालीत. रेडिओ लावला. समोरच्या गच्चीवर एक माणूस कबुतरं पाळतो, ती खिडकीच्या कट्ट्यावर बसून कबुतरं मोजत होती, दर वेळी आकडा वेगळा यायचा. शाळेतल्या कुठल्याशा मैत्रिणीचं भांडण तिने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आणि मधे मला डुलकी लागली तर उठवून पुन्हा पहिल्यापासून. दुपारी आम्ही दोघंही झोपलो. मी जागा झालो तेव्हा ती टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती, मधेच शिक्क्याचा आवाज. म्हटलं, बरं आहे, फॉर्म तरी उरकतेय.

सहाला आई घ्यायला आली. मला लाज वाटली. जिन्यातून बारकीची बडबड खालपर्यंत ऐकू येत होती.

मंगळवार, २९ मार्च

बारकीच्या आईचा फोन. "रविवारी काय केलंत तुम्ही?" सरळ विचारलं.

काय सांगणार? म्हटलं, माझी कंबर धरली होती, काही करता आलं नाही, पुढच्या वेळी भरून काढतो.

"नाही रे, मी सहज..." ती काहीतरी म्हणत होती, पण मी म्हणालो, शब्द देतो, येत्या रविवारी दोन मोठी ठिकाणं. ती म्हणाली, "बघ, तुझं तू."

टोमणा होता. असू दे. माझ्या लायकीचाच होता.

रविवार, ३ एप्रिल

तोंडावर आपटलो.

सकाळी अग्निशमन केंद्र, दुपारी पाणीपुरवठा केंद्र, मधे जमलं तर पिल्लांचं उद्यान. अग्निशमन केंद्रात आठशे माणसं. बारकीला शिडीवर चढवायला रांगेत तास उभं केलं, नंबर आला तेव्हा ती म्हणाली, नको. मी म्हटलं, अगं एवढं उभं राहिलो. चढली. वरून माझ्याकडे बघत होती, मी हात हलवत होतो, तिने कठडा सोडला नाही.

पिल्लांच्या उद्यानात ससे झोपलेले. पाणीपुरवठा केंद्राच्या बाहेर, पाचव्या पायरीवर, ती बसली. "मला नाही चालायचं." मी म्हटलं, शेवटचं आहे, आत थंड असतं, मोठाले पंप बघायला मिळतात. तिने मान हलवली आणि रडायला लागली. आवाज न करता. लोक आपापल्या पोरांना घेऊन आमच्या बाजूने वर जात होते.

आईचं घर तिथून जवळ होतं. तीन वाजताच नेऊन सोडली. वाटेत म्हणालो, तुला बरं वाटेल आता. ती म्हणाली, "अजून सहा नाही वाजले." मी म्हटलं, हो, पण तू दमलीस ना. ती आत गेली. वळून बघितलं नाही.

मग मी परत गेलो आणि पाणीपुरवठा केंद्र एकट्याने पाहिलं. फॉर्म तर भरायचाच होता. पंप खरंच मोठे आहेत.

मंगळवार, ५ एप्रिल

फॉर्म दिले. माझ्या हिशेबाने एकोणचाळीसच झाले होते, आणि चाळिसाव्या जागी काय खोटंनाटं लिहावं या विचारात होतो. पण गठ्ठा मोजला तर बरोबर चाळीस, सगळ्यांवर शिक्के. देव पावला. एवढं चालल्यावर माणसाला मोजतासुद्धा येत नाही. गठ्ठ्यावर सही ठोकली आणि बाईंच्या टेबलावर ठेवला.

शुक्रवार, ८ एप्रिल

कच्चं छापील तपासायला आलं होतं. उघडलं नाही. त्या बागांची नावंसुद्धा नकोशी झालीत. 'तपासले' लिहून परत पाठवलं.

शनिवार, ९ एप्रिल

आईचा फोन. "थोडे दिवस थांबू या. या महिन्यात नको. ती गप्प गप्प आहे, विचारलं की सांगत नाही." आवाजात राग नव्हता, त्याचंच वाईट वाटलं.

बरं म्हणालो.

रविवार, १७ एप्रिल

दुसरा रविवार. मागचा लिहिला नाही. दहा वाजले की कान जिन्याकडे जातात. सहा वाजेपर्यंत तसेच राहतात. कट्ट्यावर तिचा एक मोजा सापडला. समोरचा कबुतरवाला आजही गच्चीवर होता. मी मोजली, तेवीस. मग पुन्हा मोजली, सव्वीस.

मला कळत नाही की मी अजून काय दाखवायला हवं होतं.

गुरुवार, २१ एप्रिल

पुस्तिका निघाली. साहेबांनी कार्यालयाच्या काउंटरवर ठेवली, शाळांतून वाटली. सगळे म्हणाले छान झालीय. माझी प्रत पिशवीत आहे. उघडायची इच्छा नाही.

रविवार, २४ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

साडेदहाला दार वाजलं. मी धावत उघडलं. दारात एक आजोबा, आजी, त्यांची सून आणि बाबागाडीत एक मूल. सुनेने बाबागाडी दोन मजले उचलून आणली होती, ती धापा टाकत होती. आजोबांच्या हातात आमची पुस्तिका.

"हेच ना एकतिसावं?" ते म्हणाले.

मी म्हटलं, काय एकतिसावं? त्यांनी पान पुढे केलं. मी दारातच वाचलं. खाली तसंच उतरवून ठेवतो.

'३१. बाबांची खोली. पत्ता: सलूनच्या वर, दुसरा मजला. बावीस नंबरची बस, शेवटून दुसरा थांबा. वेळ: रविवारी दहा ते सहा. प्रवेश: मोफत. रांग: नाही. बसण्याची सोय: एक खुर्ची, एक खाट, खिडकीचा कट्टा. स्वच्छतागृह: आहे, कडी जोरात लावावी. पाहण्यासारखे: कबुतरे, रेडिओ. खाण्याची सोय: अंडी. शेरा: इथे चालावे लागत नाही. कंटाळा आला तरी चालतो. बाबा घरी असतात. पुन्हा यावेसे वाटते का: हो. प्रत्यक्ष पाहिले.'

शेवटचा रकाना 'पुन्हा यावेसे वाटते का' हा साहेबांनी घातलेला. एकोणचाळीस फॉर्ममध्ये मी तो एकदाही भरला नव्हता.

आजी म्हणाल्या, "आम्हाला वाटलं कुणा मोठ्या माणसाची खोली जपून ठेवली असेल. आणि रांग नाही म्हटलंय, म्हटलं बरं. यांचे गुडघे."

मी बाजूला झालो, ते आत आले. आजोबा खुर्चीवर बसले, आजी खाटेवर, सून कट्ट्यावर. मी पाणी दिलं, चहा केला. मूल कबुतरं बघून हात हलवत होतं. कोणी विचारलं नाही की बाबा कोण. तासाभराने आजोबा जाताना म्हणाले, "छान जागा आहे. इतर ठिकाणी फार चालवतात."

चारपर्यंत आणखी तीन कुटुंबं आली. सलूनवाले काका वर येऊन विचारून गेले, काही वाईट बातमी आहे का म्हणून. अंडी संपली.

लोक गेल्यावर मी तो दिवस आठवायला बसलो. वाया गेलेला. दीड वर्ष मी या पोरीला या खोलीपासून लांब ठेवण्यासाठी शहरभर फिरवलं. कारण मला खोलीची लाज वाटायची.

सोमवार, २५ एप्रिल

साहेब भडकले नाहीत, ते जास्त वाईट. पुस्तिका समोर उघडून म्हणाले, "ही तुमची खोली आहे?" हो म्हटलं. "शिक्का तुमचा, सही तुमची, तपासले तुमचं." हो. बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "अक्षर सुवाच्य होतं. मी टाइप केलं." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

साहेबांनी पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "तुमच्या नोकरीवर गदा आणत नाही. पण पुस्तिकेच्या गुरुवारी निघणाऱ्या पुरवणीत दुरुस्ती द्या. क्रमांक एकतीस रद्द. एका ओळीत. उद्या संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर."

मंगळवार, २६ एप्रिल

'क्रमांक ३१, बाबांची खोली, हा कार्यक्रम रद्द करण्यात आला आहे.' बारा वर्षांत अशा शंभर ओळी लिहिल्या असतील. आज लिहिली आणि हात थांबला. पुस्तिका शाळेत वाटलीय. पुरवणीही वाटतील. ती वाचणार.

बारकीच्या आईला फोन केला. म्हटलं, पुस्तिका पाहिलीस का, पान अकरा.

"पाहिली," ती म्हणाली. "गुरुवारपासून भिंतीवर चिकटवलीय तिनं. मला वाटलं तू छापलीस. म्हणजे मुद्दाम, तिच्यासाठी."

"मी वाचलंसुद्धा नव्हतं गं."

ती म्हणाली, "मी तुला त्या दिवशी तेच सांगत होते. घरी आल्यापासून झोपेपर्यंत तुझंच चालू होतं, बाबा असा घोरतो, बाबाला अंडी आवडली. तू म्हणालास, भरून काढतो."

"मला टोमणा वाटला."

"तुला सगळं टोमणाच वाटतं." मग म्हणाली, "ती विचारत होती, रविवारी चालू आहे का ते. पुस्तिकेत दहा ते सहा लिहिलंय म्हणाली. आणू का?"

मला रडू आलं, आणि मी बरं म्हणालो. हे एक बरं मनापासून होतं.

मग ती ओळ फाडली आणि दुसरी लिहिली. साहेबांनी चष्मा लावून वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला. ओळ अशी आहे:

'क्रमांक ३१, बाबांची खोली: सर्व जागा भरल्या आहेत. नवीन प्रवेश नाही.'

रविवार, १ मे

बारकी दहाला पाच कमी असतानाच आली. कुठे गेलो नाही. काही झालं नाही.